तीन मिनिटांची वजाबाकी

नॉरी लॉडर माणसाचा चेहरा नंतर बघायचा, आधी बूट. किल्ल्यासमोरच्या पटांगणात सकाळी दहाला पाहुण्यांचा घोळका जमला, की ओळखपाळख होईपर्यंत त्याची नजर खालच्या खाली फिरून यायची. सगळ्यांत वाईट बूट कोणाचे ते हेरायचं आणि त्या बुटांच्या चालीने अख्खा घोळका उतारावरून न्यायचा, ही त्याची पद्धत. कोरे करकरीत कातडी बूट म्हणजे साडेअकराला टाचेला फोड. पातळ तळव्याचे म्हणजे पहिल्याच बोळातल्या ओल्या दगडावर घसरगुंडी. हे ज्ञान त्याला प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या बुटांच्या दुकानात अकरा वर्षं गुडघ्यावर बसून मिळालं होतं. तो म्हणायचा, "अकरा वर्षं मी एडिनबराच्या पाया पडलो. शेवटी देवी पावली आणि म्हणाली, ऊठ, आता तोंड चालव."

तोंड चालवायला लागून, म्हणजे गाइड होऊन, आता एकतीस वर्षं झाली होती. वय त्रेसष्ट, डोक्यावर केस मोजकेच आणि पांढरे, राहायला लीथच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लग्न एकदा झालं होतं, ते सहा वर्षं टिकलं. बायको वाईट नव्हती. तिची तक्रार एवढीच होती, की नवरा घरीसुद्धा तिला शहर दाखवतो. "माझा जन्म इथलाच आहे रे," असं ती दोन-तीनदा म्हणाली आणि मग तासाभरावरच्या पर्थला बहिणीकडे राहायला गेली. नॉरीने ही हकिगतसुद्धा पुढे फेरीत घातली. तिसऱ्या बोळाच्या तोंडाशी ती सांगितली, की पाहुणे हमखास हसत.

स्वतःवर हसून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याला ती तसदी पडत नाही, हे त्याचं धंद्याचं सूत्र होतं. आणि हसण्यासारखं त्याने पुरेसं करून ठेवलं होतं. किल्ल्यावरची रोज दुपारी एकला उडणारी तोफ उडायच्या वेळेला बरोबर हात उंचावून "आता!" म्हणायची त्याची जुनी लकब. एकदा रविवारी त्याने असाच हात उंचावला. रविवारी तोफ उडत नाही, हे त्या पटांगणातल्या कबुतरांनासुद्धा ठाऊक होतं. नॉरी वीस पाहुण्यांसमोर हात वर करून उभा राहिला, आणि शेवटी त्याच हाताने टॅक्सी थांबवल्यासारखं करून पुढे चालायला लागला.

मध्यंतरी दोन वर्षं त्याने भुतांच्या फेऱ्याही करून पाहिल्या. काळा झगा घालायचा, पुलाखालच्या जुन्या तळघरात अंधारात दबा धरायचा आणि घोळका आला की पुढे उडी मारायची. एका रात्री एका म्हाताऱ्या बाईंनी अंधारात भिंत समजून त्याच्या छातीवर हात टेकला. त्यावर नॉरीने जी किंकाळी फोडली, तिच्यामुळे शेवटी त्याच बाईंनी त्याला धरून पायरीवर बसवलं आणि पाणी पाजलं. फेऱ्या काढणाऱ्या कंपनीच्या मालकाने दुसऱ्या दिवशी त्याला खाण्यापिण्याच्या फेरीवर बदललं. तिथे भिण्यासारखं काही नव्हतं, हॅगिस सोडला तर.

हॅगिसचं असं, की मेंढीचं काळीज-फुप्फुस ओटच्या भरडीत शिजवलेला तो पदार्थ नॉरी पाहुण्यांना इतक्या रसाळपणे वर्णन करून सांगायचा, की नाक मुरडणारेही दुसऱ्यांदा ताट पुढे करत. आणि त्याला स्वतःला तो पचत नसे. पस्तिशीनंतर एक घास खाल्ला तरी रात्रभर छातीत जळजळ. फेरीचा शेवट ज्या पबमध्ये व्हायचा, त्या 'तीन हेरिंग'ची मालकीण नॅन ब्रॉडी त्याच्या ताटात गुपचूप डाळीचा हॅगिस वाढायची. दिसायला सारखाच. पाहुण्यांसमोर नॉरी डोळे मिटून पहिला घास घ्यायचा आणि म्हणायचा, "आहा, पूर्वजांची चव." नॅन काउंटरमागे ग्लास पुसत म्हणायची, "पूर्वज मसुरीचे होते का रे याचे?"

पण त्याची हुकमी गोष्ट घड्याळाची.

वेव्हर्ली स्टेशनच्या डोक्यावर जे भलंमोठं हॉटेल आहे, त्याच्या मनोऱ्यावर चारी बाजूंनी दिसणारं घड्याळ आहे. ते तीन मिनिटं पुढे असतं. धावत येणाऱ्या माणसांची गाडी चुकू नये म्हणून शंभराहून जास्त वर्षं ते मुद्दाम पुढे ठेवतात. गावातली माणसं त्याच्याकडे बघतात आणि तीन मिनिटं वजा करतात. शिंक आली की डोळे जसे मिटतात, तशी ही वजाबाकी आपोआप होते, त्यासाठी डोकं लागत नाही. नॉरी घोळक्याला पुलावर उभं करून म्हणायचा, "या शहरात खोटं बोलायचा परवाना दोघांनाच आहे. एक ते घड्याळ, दुसरा मी. ते तीन मिनिटांचं खोटं बोलतं, मी तीन तासांचं." मग आवाज खाली आणून, "वर्षातून एक दिवस मात्र ते खरं बोलतं. एकतीस डिसेंबर. कारण त्या रात्री त्याच्याकडे बघून हजारो माणसं एकमेकांना मिठ्या मारतात, आणि मिठी तीन मिनिटं आधी मारली तर अंगाशी येते." कोणी हुशार पाहुणा विचारायचा, की सगळेच वजाबाकी करत असतील तर घड्याळ पुढे ठेवून उपयोग काय. नॉरी टोपी काढून सांगायचा, "उपयोग तुम्हाला. आम्ही स्थानिक मंडळी आमच्या पद्धतीने गाडी चुकवतो."

ही गोष्ट त्याने बहिणीच्या लग्नात सांगितली होती. आईला पुरून आल्यावरच्या चहाच्या वेळीही सांगितली होती.

ती बहीण म्हणजे एफी. नॉरीपेक्षा आठ वर्षांनी मोठी, खाडीपलीकडे किंगहॉर्नला आईच्याच घरात राहणारी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्य काढलं, नवरा दहा वर्षांपूर्वी गेला, आणि आता गुडघ्यांनी जिना चढणं सोडलं होतं. जानेवारीच्या दहा तारखेला ती घर सोडून लिफ्ट असलेल्या एका खोलीत राहायला जाणार होती. सगळ्यांना मिळून एकच दार, तेही बटण दाबल्याशिवाय न उघडणारं. नोव्हेंबरात तिने नॉरीला फोन केला तो या दारावरूनच.

तिथली समजूत अशी, की वर्ष उलटताना बाराच्या ठोक्यानंतर घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं, त्यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं. माणूस काळ्या केसांचा हवा, हातात कोळशाचा खडा, खिशात व्हिस्की, बगलेत काळा केक. तांबड्या केसांचा माणूस आला तर वर्षाची वाट लागली म्हणून समजा. लहानपणी घरात काळ्या केसांचा एकटा नॉरीच. आई त्याला बारा वाजायला दहा मिनिटं असताना हातात कोळसा देऊन मागच्या दाराने बाहेर थंडीत ढकलायची आणि ठोके पडले की पुढच्या दाराने आत घ्यायची. घराचा पायगुण नॉरीचा होता. तो एडिनबराला आल्यावरही सुरुवातीची वर्षं जात असे. पण गाइड झाला आणि ते संपलं. एकतीस डिसेंबरच्या रात्री गाव माणसांनी फुटतं, त्या रात्री फेरी सोडायची म्हणजे काय. बक्षिशी जास्त मिळते, असं तो एफीला सांगायचा. खरं कारण बक्षिशी नव्हतंच. त्या रात्री टाळ्या जास्त मिळत, हे त्याला माहीत होतं, आणि एफीलाही.

एकतीस वर्षं नॉरीच्या जागी शेजारचा डेव्ही यायचा. डेव्ही नळदुरुस्ती करायचा, मनाने सोन्यासारखा, आणि केसांनी गाजरासारखा. तो प्रेमाने बाटली घेऊन पहिल्यांदा आत यायचा आणि फेब्रुवारीत घरातला एखादा नळ फुटायचा. मग तो दुरुस्त करायलाही डेव्हीच यायचा. एफी या सगळ्याचा दोष नॉरीवर ठेवायची, आणि नॉरीला तो मान्य होता.

"शेवटचं आहे नॉरी," ती नोव्हेंबरात म्हणाली होती. "आईच्या दाराला एकदा तरी घरचा पाय लागू दे. डेव्हीच्या हाती घर सोडून जायचं नाही मला."

नॉरीने आपले काळे केस आता उरले नसल्याचं निदर्शनास आणलं.

"काळी टोपी घाल. नशिबाला आताशा लांबचं दिसत नाही."

त्याने शब्द दिला. एफीने गाडीही सांगितली. वर्षअखेरीला गाड्या लवकर बंद होतात, शेवटची सहा चाळीसला, ती धर. नॉरीने वेळापत्रक पाहिलं नाही. वेळापत्रक पाहुणे बघतात, असं त्याचं मत होतं. मनगटी घड्याळही तो बांधत नसे. तोफ आणि मनोरा असताना हाताला ओझं कशाला. आणि फेरीच्या वेळी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकायचा, कारण ज्या गाइडचा फोन वाजतो त्याच्या गोष्टीचा शेवट कोणी ऐकत नाही.

एकतीस तारखेला त्याने संध्याकाळची मोठी फेरी घेतली नाही. मालकाचा यावर विश्वास बसायला वेळ लागला. दुपारी तीनची खाण्याची छोटी फेरी तेवढी घेतली. सहाच माणसं. दोघे नॉर्वेचे भाऊ, बूट उत्तम. एक फ्रेंच जोडपं, बूट दिसायला उत्तम. टास्मानियाहून आलेल्या मिसेस पेनरोझ नावाच्या निवृत्त गणिताच्या बाई आणि त्यांची मैत्रीण, दोघींच्या पायांत कापडी बूट, ओले चिंब. नॉरीने कापडी बुटांची चाल धरली.

अंधार पावणेचारलाच पडला. धुरावलेल्या माशाचं दाटसर सूप एके ठिकाणी, चिप्स दुसरीकडे. तिथे दुकानदाराने चिप्सवर मीठ आणि तपकिरी सॉस न विचारता ओतला, आणि फ्रेंच गृहस्थ व्हिनेगर आहे का म्हणून विचारायला लागताच नॉरीने घाईने त्यांना बाहेर आणलं. व्हिनेगर ग्लासगोवाले घालतात, आणि दुकानदार त्या विषयावर हळवा होता. मोठ्या रस्त्यावर फरसबंदीत दगडी हृदय आहे, त्यावर नशिबासाठी सगळ्यांनी थुंकायचं असतं. नॉरी थुंकला ती थुंकी वाऱ्याने त्याच्याच बुटावर पडली. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. तसा तो होताच, पण आज ठरवून केलेला नव्हता.

साडेपाचला ते 'तीन हेरिंग'मध्ये पोचले. स्टेशनकडे वळत उतरणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर तो पब आहे, आणि त्याच्या एका खिडकीतून मनोऱ्यावरचं घड्याळ पिवळ्या चंद्रासारखं दिसतं. आत भिंतीवर घड्याळ नाही. घड्याळ दिसलं की गिऱ्हाईक घरी जातं, हे नॅनचं तत्त्व. तिने नॉरीसाठी शेकोटीच्या बादलीतला कोळशाचा एक बरा खडा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. आताशा शहरात कोळसा कोण जाळतं, तो मिळणंही मुश्कील. नॉरीने तो कोटाच्या खिशात घातला. दुसऱ्या खिशात छोटी बाटली होती, पिशवीत काळा केक आणि नवी काळी लोकरी टोपी. पबमधून फलाटापर्यंत आठ मिनिटं लागतात, हे त्याने आयुष्यभर चालून पक्कं केलं होतं. सहा बत्तीसला उठायचं, म्हणजे झालं.

हॅगिस आला, डाळीचा घास डोळे मिटून घेतला गेला, पूर्वजांचं नाव निघालं. मग मिसेस पेनरोझ खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, की त्या घड्याळाबद्दल काहीतरी गोष्ट आहे असं त्यांनी ऐकलंय.

आता नॉरीला गोष्ट सांगा म्हणणं म्हणजे उतारावरच्या गाड्याला हात लावणं. तो उठून उभा राहिला. परवान्याचं वाक्य झालं, तीन तासांच्या खोट्याचं झालं, आवाज खाली आला. "वर्षातून एक दिवस मात्र ते खरं बोलतं. एकतीस डिसेंबर."

"म्हणजे आज," मिसेस पेनरोझ म्हणाल्या.

"म्हणजे आज, बाईसाहेब," नॉरी म्हणाला, आणि टोपी काढून कमरेत वाकला. नॉर्वेच्या भावांनी टेबल वाजवलं. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांनीही टाळ्या दिल्या. मिठीचं वाक्य आलं तेव्हा फ्रेंच जोडप्याने लगेच प्रात्यक्षिक करून दाखवलं. एकतीस वर्षांत गोष्ट इतकी रंगली नव्हती.

नॅन ताटं उचलायला आली. "नॉरी गड्या, तुझी गाडी."

नॉरीने खिडकीतून बघितलं. काटा सहा पंचवीसवर. डोळे मिटल्यासारखी वजाबाकी झाली, सहा बावीस. "दहा मिनिटं आहेत," तो म्हणाला, आणि बायको पर्थला गेल्याची हकिगत काढली. ती तिसऱ्या बोळाशी सांगायची राहून गेली होती.

पुढच्या वेळी त्याने पाहिलं तेव्हा सहा पस्तीस. म्हणजे सहा बत्तीस. तो अगदी ठरल्या मिनिटाला उठला. आपल्या शिस्तीचं त्याला कौतुक वाटलं. सगळ्यांचा निरोप घेतला, मिसेस पेनरोझना बुटांत रात्री वर्तमानपत्र कोंबून ठेवायला सांगितलं.

"धाव आता," नॅन म्हणाली.

"धावू कशाला? हातात वेळ आहे."

नॅनच्या कपाळाला आठी पडली, पण तेवढ्यात कोणीतरी चार पाइंट बिअर मागितली.

नॉरी रमतगमत उतरला. वर रस्त्यावरच्या जत्रेकडे माणसांचे लोंढे चालले होते. त्यांच्या विरुद्ध दिशेने घरी निघालेला आपण एकटेच, याचा त्याला थोडा अभिमान वाटला. त्याने टोपी घातली. वर्तमानपत्र उलगडून खिशातला कोळसा चाचपला. स्टेशनच्या पायऱ्या उतरून, पूल ओलांडून तो फलाटावर आला, तेव्हा फलाट रिकामा होता. पिवळं जाकीट घातलेली एक रेल्वेची बाई शिटी खिशात ठेवत होती.

"किंगहॉर्नची कुठे लागते?" त्याने विचारलं.

"ती काय गेली. सहा चाळीसची, सहा चाळीसला."

"पण सहा चाळीस आत्ता होतायत."

"त्रेचाळीस," बाई म्हणाली, आणि दुसऱ्या फलाटाकडे निघून गेली.

तीनच्या आकड्यावर नॉरीने मान वर केली. तिथून फलाटाच्या उघड्या टोकावरून मनोरा दिसत होता, आणि त्यावर सहा त्रेचाळीस. एकतीस वर्षं तो ज्याला खोटारडा म्हणत आला होता, ते घड्याळ वर्षातल्या एकुलत्या एका दिवशी खरं बोलत होतं, आणि ते खरं बोलतंय असं वीस मिनिटांपूर्वी टाळ्या घेऊन सांगणारा माणूस त्यातून तीन मिनिटं वजा करून उतरला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आपण कोरडे पाषाण.

तो फलाटाच्या बाकावर बसला. वर्षातली शेवटची गाडी गेली होती. टॅक्सी या रात्री खाडीपलीकडे कोणी नेणार नाही. साडेअकराला डेव्ही दाढी करेल, कोट घालेल, बाटली घेऊन शेजारच्या फाटकातून आत शिरेल, आणि आईच्या दाराचं शेवटचं पाऊल गाजरी केसांचं पडेल. नॉरीने पिशवीच्या तळाशी हात घालून फोन काढला. हाताला कोळसा लागला होता, तो फोनला लागला, फोनचा कानाला. मनात तीन बहाणे तयार होते. गर्दी होती. एक पाहुणी घसरून पडली. गाडी आधीच भरली. तिन्ही चांगले होते, धंद्यातल्या माणसाने केलेले.

"एफी, मी बोलतोय."

"कुठून?"

"स्टेशनवरून."

"कोणत्या?"

"वेव्हर्लीच्या."

नॉरीने बहाण्यांवरून मन फिरवलं आणि एकही उचलला नाही.

"गाडी चुकली एफी. घड्याळामुळे. ते हॉटेलचं. मी तीन मिनिटं वजा केली."

"आज?"

"आज."

पलीकडून एक घुसमटल्यासारखा आवाज आला. एफी रडतेय असं वाटून नॉरीने डोळे मिटले. मग तो आवाज मोठा झाला आणि त्याला कळलं, की ती हसतेय. गुडघ्यांना त्रास होईल इतकी हसतेय.

"तेच ना ते, ज्याची गोष्ट तू माझ्या लग्नात सांगत बसलास आणि केक कापायचा राहिला?"

"तेच."

"आता गप्प बस आणि ऐक. शेवटची गाडी सात दहाची आहे."

"सहा चाळीसची. तूच सांगितलंस."

"तुला सांगायची म्हणून सहा चाळीसची सांगितली. मागे वळून बघ, तिथे फलक असेल."

नॉरी वळला. तो फलकाकडे पाठ करूनच बसला होता. नारिंगी अक्षरांत सात दहा, आणि खाली गावांच्या यादीत किंगहॉर्न.

"एफी, तू मला फसवलंस."

"साठ वर्षं फसवतेय. आईचं स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, ते कोणासाठी, असं वाटतं तुला? आईला कुठे जायची घाई होती?"

नॉरीला आजवर वाटत आलं होतं, की आईचं घड्याळ बिघडलेलं आहे. दुरुस्त करून आणू का, असं त्याने तिला दोनदा विचारलंही होतं. आई नको म्हणाली होती.

"तू लोकांना सांगतोस, वेंधळ्यांची गाडी चुकू नये म्हणून घड्याळ पुढे ठेवलंय," एफी म्हणाली. "ते वेंधळे कोण, ते कधी विचारलं नाहीस ना? आता तिथेच बस. गाडी येईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. एक अक्षर नाही, नॉरी. तुला मी ओळखते."

तिने फोन ठेवला. नॉरी बसून राहिला. बोलायचं नाही हे सोपं होतं, कारण फलाटावर फारसं कोणी नव्हतं. सात वाजता गाडी येऊन लागली. तो उठला आणि दारापाशी उभा राहिला, आत मात्र गेला नाही. आत बसून बाहेरचं दिसत नाही, आणि त्याला घड्याळावर नजर ठेवायची होती.

सात वाजून सात मिनिटांनी सामानाच्या दोन चाकांच्या पेट्या ओढत एक वयस्कर जोडपं आलं. गृहस्थांच्या पायांत कोरे करकरीत कातडी बूट. ते लंगडत होते. त्यांनी नॉरीसमोर थांबून मनोऱ्याकडे बोट केलं आणि नम्रपणे विचारलं, की ते घड्याळ बरोबर आहे का हो, ते पुढे असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

असा प्रश्न नॉरीला एकतीस वर्षांत इतका सरळ कोणी विचारला नव्हता. परवान्याचं वाक्य जिभेच्या टोकावर आलं. आणि आता गोष्टीला नवा शेवटही होता, आजवरच्या सगळ्या शेवटांपेक्षा चांगला, पन्नास माणसांना हसवील असा. तीन मिनिटं लागली असती. तीनच.

"आज बरोबर आहे," नॉरी म्हणाला, आणि गाडीत चढला.

दार लागता लागता त्याने गृहस्थांना बायकोशी बोलताना ऐकलं. इथली माणसं जरा तुसडी असतात, असं त्यांचं मत पडलं होतं.

किंगहॉर्नला एफीने त्याला आधी सूप दिलं, मग त्याच्या कानाला लागलेला कोळसा ओल्या फडक्याने पुसला, मग घरात अर्ध्याहून जास्त सामान खोक्यांत भरून झालंय ते दाखवलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून भिंतीवर होतं. ते शेवटी काढायचं, असं ती म्हणाली. त्यात बारा वाजले तेव्हा तिने नॉरीला टोपी घालून मागच्या दाराने बाहेर काढलं.

तो घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आला. हातात खडा, बगलेत केक. थंडीने नाक वाहत होतं. आता प्रश्न असा होता, की ठोठावायचं केव्हा. एफीचं घड्याळ पुढे आहे, हे ठरलं. पण दहाच मिनिटं का? इतक्या वर्षांत वाढली असतील, किंवा कमीही झाली असतील. बारा वाजायच्या आधी आत पाऊल पडलं तर ते जुन्या वर्षातलं, म्हणजे फुकट. उशीर झाला तर डेव्ही. आणि शेजारच्या दाराची कडी त्याच वेळी वाजली.

डेव्ही फाटकातून आत आला. कोट, बाटली, आणि रस्त्याच्या दिव्याखाली पेटल्यासारखे केस, साठीतही एक पांढरा नाही. तो नॉरीला बघून थबकला.

"नॉरी? तू इथे? कोणी वारलं का?"

नॉरीने मानेनेच नाही म्हटलं. डेव्हीने कोळसा बघितला, टोपी बघितली, आणि बाटली पाठीमागे घेऊन गुपचूप हिरव्या कुंपणाला टेकून उभा राहिला. दोघेही खाडीकडे बघायला लागले. तेवढ्यात पाण्यापलीकडे एडिनबराच्या जागी आकाशात आगकाडीच्या टोकाएवढं काहीतरी लाल फुललं, मग हिरवं, मग पांढरं. आवाज काहीच नाही. नॉरी एकतीस वर्षं पाहुण्यांना सांगत आला होता, की आमची आतषबाजी खाडीपलीकडून फार सुंदर दिसते. त्याने ती तिथून आज पहिल्यांदा पाहिली. सांगितली होती त्याहून बरीच लहान होती. खाडीतल्या जहाजांनी भोंगे वाजवले. चर्चची घंटा सुरू झाली. नॉरी घंटा मोजत राहिला. पुरी बारा होऊ देत, उगाच धोका नको.

दार आतूनच उघडलं. एफी काठी टेकून उभी होती.

"झाले बारा," ती म्हणाली. "वजाबाकी मी केलीय. तू फक्त आत ये."

तो आत गेला. कोळशाचा ठसा दाराच्या चौकटीवर उमटला, तो पुसू नकोस, असं एफी म्हणाली. मग तिने बाहेर बघून डेव्हीला हाक मारली, की आता तूही ये, आणि येताना पाना घेऊन आलास तरी चालेल, न्हाणीघरातला नळ कालपासून गळतोय.